शीआनमध्ये कुस्करलेली भाकरी

चीनला निघालो तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला. "तिकडं साप-बेडूक खातात म्हणं. तुम्ही काय खाणार?" अम्मीनं तर पिशवीत चटणीचा डबा, खारे शेंगदाणे आणि आठ दिवस पुरतील एवढ्या कडक भाकऱ्या भरून दिल्या. सोलापूरकडच्या माणसाला कडक भाकरी म्हणजे काय ते सांगायला नको. टिकते, प्रवासात मोडली तरी बिघडत नाही.

ही 2018 मधली गोष्ट. शांघायमधलं काम आटोपलं आणि दोन दिवस हाताशी होते, म्हणून शीआनला गेलो. मातीचे सैनिक पाहायचे होते. ते पाहिलेही, पण त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडं फारसं नाही. गर्दी फार होती.

संध्याकाळी ढोल-मनोऱ्यामागच्या गल्ल्यांत शिरलो. 1380 सालचा हा मनोरा. त्याच्या पलीकडं मुसलमानांची वस्ती सुरू होते. पांढऱ्या टोप्या, डोईवर रुमाल बांधलेल्या बाया, लोखंडी सळ्यांवर भाजलेलं मटण, खजूर घातलेला वाफाळता भात, पेंडखजुरासारखे वाळवलेले पर्सिमॉन. जवळपास प्रत्येक दुकानावर हिरवी पाटी होती आणि तिच्यावर दोन चिनी अक्षरं: छिंग-झन. शुद्ध आणि खरं, असा त्याचा अर्थ. चिनी मुसलमान 'हलाल'साठी हाच शब्द वापरतात. अरबी शब्द उसना न घेता त्यांनी आपल्या भाषेतला घेतला, हे मला तिथंच आवडून गेलं.

मुख्य रस्त्यावर पर्यटकांची जत्रा होती, म्हणून आतल्या बोळातल्या एका साध्या हॉटेलात बसलो. गल्ल्यावर साठीचा एक माणूस. मी सलाम केला, त्यानं चिनी हेल काढून सलामाला उत्तर दिलं. आमचं संभाषण तिथंच संपलं, कारण पुढं दोघांकडंही शब्द नव्हते. शेजारचा गिऱ्हाईक खात होता त्याकडं मी बोट दाखवलं.

थोड्या वेळात माझ्यासमोर एक रिकामा वाडगा आणि दोन जाड, घट्ट, पांढऱ्या भाकऱ्या आल्या. रस्सा नाही, मटण नाही. मी वाट पाहत बसलो. शेवटी मालक उठून आला, समोर बसला आणि भाकरीचा तुकडा मोडून बोटांनी बारीक करू लागला. मोठा तुकडा पडला की मान हलवायची, आणखी बारीक करायचा. सोयाबीनच्या दाण्याएवढा हवा. तुकडा मोठा राहिला तर रस्सा आत मुरत नाही.

मला हसूच आलं. हे काम मी लहानपणापासून करत आलोय, चाचा! भाकरी कुस्करायची, वर मटणाचा रस्सा ओतायचा.

फरक एवढाच, की तिथं कुस्करलेला वाडगा नंबराच्या बिल्ल्यासह परत भटारखान्यात जातो. आचारी प्रत्येकाचा वाडगा वेगळा शिजवतो. रश्शात मटणाचे काप, काचेसारख्या पारदर्शक शेवया, काळी अळंबी, पातीचा कांदा. सोबत साखरेत मुरवलेला लसूण आणि लाल तिखट. ढवळायचं नाही, कडेकडेनं खात आत जायचं. यांगरौ पाओमो हे त्याचं नाव. अर्धा तास भाकरी कुस्करत बसल्यावर भूक अशी लागते की विचारू नका.

जेवण झाल्यावर मोबाइलवरच्या भाषांतराच्या आधारानं थोडं बोललो. भारतातून आलो म्हटल्यावर त्यानं विचारलं, भारतात मुसलमान असतात? राग यायला हवा होता, पण माझ्याच गल्लीत कुणालाही विचारलं असतं, चीनमध्ये मुसलमान असतात का, तर काय उत्तर मिळालं असतं? आणि महाराष्ट्रात माझं भाषण ऐकून लोक कौतुकानं म्हणतातच की, "मुसलमान असून मराठी किती छान बोलता!"

त्या माणसाचे पूर्वज रेशीम मार्गानं आलेले अरब-इराणी व्यापारी असतील, नसतील. आज हुई मुसलमान एक कोटीच्या वर आहेत आणि त्यांची मातृभाषा चिनी आहे. दुसऱ्या दिवशी तिथली मोठी मशीद पाहिली. परंपरा तिला 742 सालची मानते. आजच्या इमारती मुख्यतः मिंग काळातल्या आहेत. एकामागून एक चौक, कौलारू छपरं, मिनार म्हणजे पॅगोडाच. आत भिंतींवर लाकडात कोरलेलं कुरआन. तिथं दोन रकात पढताना परकं वाटलं नाही.

परत आल्यापासून एक गोष्ट टोचते. आमच्याकडं आता तालुक्याच्या गावातसुद्धा 'अरेबियन मंदी'ची पाटी दिसते. दावतीला बिर्याणी हवी, शोरमा हवा. भाकरी-रस्सा ठेवला तर पाहुणे काय म्हणतील? मंदी वाईट नाही, मीही खातो. पण आमची ज्वारीची भाकरी कमी मुसलमान कशी झाली? शीआनच्या त्या चाचाला आपल्या भाकरीची लाज वाटत नव्हती.

पाटीचंही तसंच. परक्या मुलखात त्या हिरव्या पाटीनं मला निवांत जेवू घातलं. पुढं 2019 मध्ये बीजिंगमधल्या हलाल हॉटेलांना पाट्यांवरची अरबी अक्षरं झाकायला लावल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा मला तो बोळ आठवला. आणि 2024 च्या जुलैत मुजफ्फरनगरला कावड यात्रेच्या वाटेवरच्या खानावळींना मालकाचं नाव लावायला सांगितलं, तेव्हाही आठवला. सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली: काय पदार्थ मिळतो ते सांगा, नावाची सक्ती नको. मला हे पटतं. ताटात काय आहे हे गिऱ्हाइकाला कळायलाच हवं. रांधणाऱ्याचं नाव विचारणारा जेवायला आलेला नसतो.

घरी आल्यावर अम्मीनं विचारलं, काय खाल्लंस तिथं?

"भाकरी कुस्करून, वर मटणाचा रस्सा."

"मग त्याच्यासाठी एवढं लांब कशाला गेलतास?" ती म्हणाली, आणि उरलेल्या कडक भाकऱ्या मोजायला लागली.