दिसत नाही का, बाई?

आमच्या गटातल्या एका ताईचं उजवं मनगट मोडलं. ताई चार घरी पोळ्या करते. उजवं मनगट मोडलं म्हणजे काय झालं, हे या अंकाच्या वाचक मैत्रिणींना वेगळं सांगायला नको.

सकाळी साडेसहाची वेळ. पुण्यातल्या एका हमरस्त्याच्या कडेला मोटारी उभ्या होत्या आणि त्यांच्या उजव्या अंगाने ताई सायकलवर चालली होती. त्यातल्या एका मोटारीचं दार एकदम उघडलं. दाराची कड हँडलला लागली आणि ताई रस्त्याच्या मधल्या बाजूला फेकली गेली. मागून बस येत नव्हती एवढंच, नाहीतर आज मी लेखाऐवजी शोकसभेचं भाषण लिहीत बसले असते. गाडी चालवणारी बाईच होती. ती म्हणाली, "दिसत नाही का, बाई?" मग दार ओढून घेतलं आणि गाडी निघून गेली. दूध टाकणाऱ्या पोराने ताईला उठवून बसवलं. नंबरातले शेवटचे चार आकडे त्याच्याच लक्षात राहिले.

चौकीत गेलो तर पहिला प्रश्न, "गाडी तर उभी होती, मग अपघात कसला?" दुसरा प्रश्न, "मावशी, या वयात सायकलचा नाद कशाला?" ताईचं वय सत्तेचाळीस. आम्ही तीन खेटे घातले, पण तक्रार अजून वहीत चढलेली नाही. चार घरांपैकी दोन घरांनी तिसऱ्याच दिवशी दुसरी बाई लावली. घरी नवऱ्याने सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. तो वाईट माणूस नाही. त्याला खरंच काळजी वाटते. पण आपल्या पायांत बेड्या पडतात त्या बहुतेक वेळा काळजीपोटीच, नाही का?

ताईला पहाटे पहिल्या घरी पोचायचं असतं. दोन बस बदलाव्या लागतात आणि पहिली वेळेवर येईलच याची खात्री नाही. रिक्षाने गेली तर पोळ्यांचे पैसे रिक्षातच जातील. सायकल आहे म्हणून चार घरं धरता येतात. सायकल गेली तर चालत पोचता येतील अशी दोनच उरतात. मोटारीच्या एका दाराने तिची कमाई निम्मी केली. आणि याला आपण अपघात म्हणतो, जसं पूर्वी स्टोव्हच्या भडक्यालाही अपघातच म्हणत होते!

सायकल आपल्याला नवी नाही. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरतेच्या मोहिमेत बायकांना अक्षरांबरोबर सायकल शिकवली गेली. शीला राणी चुंकत तिथे जिल्हाधिकारी होत्या. खडी फोडणाऱ्या, शेतात राबणाऱ्या हजारो बाया सायकलवर बसल्या. बसची वाट पाहणं संपलं, नवऱ्याने किंवा भावाने नेऊन सोडायची गरज संपली. पुढे बिहारने २००६ मध्ये शाळकरी मुलींना सायकली देण्याची योजना आणली. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळाल्या. म्हणजे बाईच्या हाती सायकल आली की तिचं जग रुंदावतं, हे सरकारला ठाऊक आहे. पण सायकल देऊन तिला कुठल्या रस्त्यावर सोडायचं, याचा विचार कुणी करायचा?

पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणत. त्याच पुण्यात महापालिकेने २०१७ मध्ये मोठा सायकल आराखडा मंजूर केला. ज्यांना शहराची गंमत बघायची असेल त्यांनी एखाद्या सायकल मार्गावरून चालून बघावं. सायकल सोडून सगळं दिसेल. आणि बायांनो, एक गोष्ट नीट बघा. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की आधी भाजीवालीची पाटी उचलली जाते. तिच्या शेजारी दिवसभर उभी असलेली मोटार तशीच उभी राहते, कारण तिला अतिक्रमण म्हणत नाहीत, पार्किंग म्हणतात.

सायकलवाल्यांना सगळे एकच उपदेश करतात: कडेने जा. आता कडेला तर मोटारी उभ्या असतात आणि त्यांची दारं कडेलाच उघडतात. दार पुरतं उघडलं की जवळजवळ एक मीटर जागा खातं. तेवढं अंतर सोडून चालवावं तर मागून भोंगे वाजतात, शिव्या मिळतात, आणि बाई असेल तर शिव्या वेगळ्या मिळतात. रिक्षाला खेटून चालवावं तर रिक्षा मध्येच थांबते. भाड्याच्या मोटारी भर रस्त्यात थांबतात आणि मागच्या सीटवरचा माणूस मोबाइलवर बोलत डावीकडचं दार ढकलतो. कडेने जाणारी सायकल नेमकी तिथेच असते.

उपाय इतका साधा आहे की सांगताना लाज वाटते. दार ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध हाताने ते उघडायचं. उजवं दार डाव्या हाताने, डावं दार उजव्या हाताने. असं केलं की धड आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. नेदरलँड्समध्ये लोक हे शिकतात, ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या रस्त्याच्या नियमावलीत ते घातलं. यासाठी ना निधी लागतो, ना समिती. फक्त समोरच्याचं आयुष्य आपल्या दारापेक्षा मोलाचं आहे एवढं मानावं लागतं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मीही असं दार उघडलं आहे. एका परिषदेला उशीर झाला होता, हातात बॅनर होते, रस्त्याच्या बाजूचं दार मी धाडकन उघडलं. सायकलवरची कॉलेजातली पोरगी कशीबशी वाचली. मी तिला काय म्हटलं असेल? हेच की, "दिसत नाही का गं?" परिषदेचा विषय सार्वजनिक जागेवरचा स्त्रियांचा हक्क हा होता.

म्हणून हा राग केवळ पुरुषांवर काढून भागणार नाही. आपल्यातल्याही अनेकजणी आता मोटारीतून फिरतात. सुरक्षित रस्ता म्हटलं की आपल्याला फक्त छेडछाड आठवते. रात्री मशाली घेऊन रस्ता आमचाही आहे म्हणणाऱ्या आपण, पहाटे कामाला निघालेल्या बाईचा रस्ता कुणी बळकावला ते पाहिलंच नाही.

आणि पळून जाणं? २०२२ या एका वर्षात देशात धडक देऊन पळालेल्या वाहनांमुळे ३०,४८६ माणसं मेली, हा सरकारचाच आकडा. १ जानेवारी २०२३ ला दिल्लीत कंझावला भागात स्कूटरवरच्या तरुणीला मोटारीने कित्येक किलोमीटर फरफटत नेलं. चर्चा कशाची झाली? ती इतक्या रात्री कुठून येत होती, प्यायली होती का. जुलै २०२४ मध्ये मुंबईत वरळीला नवऱ्याबरोबर पहाटे मासे घेऊन परतणाऱ्या कोळीणबाईला मोटारीने असंच फरफटवलं. तिथे हे प्रश्न विचारता आले नाहीत, कारण ती कष्टाचं ओझं घेऊन नवऱ्याबरोबरच होती. म्हणजे रस्त्यावर मरतानाही बाईने आधी चारित्र्याचा दाखला द्यायचा. तो नसेल तर "सातच्या आत घरात" आहेच.

नव्या न्याय संहितेत कलम १०६ चं दुसरं पोटकलम होतं. अपघातात कुणाचा जीव घेऊन न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम तेवढं बाजूला ठेवलं गेलं. मला ट्रकचालकांची भीती कळते. जमाव आधी मारतो आणि मग विचारतो. दहा वर्षांच्या तुरुंगाने ताईचं मनगटही जुळणार नाही. पण जखमीला उपचार मिळवून देणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाचं कर्तव्य आहे. ते तरी पाळायला कोणता संप आडवा येतो?

चौकीतल्या त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी इथे लिहून ठेवते, कुणाला लागलं तर. उभी गाडीसुद्धा कायद्याने वापरातली गाडी असू शकते. पुणे-बंगळूर रस्त्यावर १९८७ मध्ये एक पेट्रोलचा टँकर कलंडला आणि काही तासांनी पेटला. त्यात मुलगा गमावलेल्या आईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच हे म्हटलं आहे. गाडी सापडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावता येतो. सापडलीच नाही तर केंद्र सरकारची योजना आहे: १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. महिनाभरात गाडीचा तपास लागला नाही तर या योजनेची माहिती पोलिसांनी स्वतः लेखी द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं आहे. ताईला अशी चिठ्ठी कुठून येणार? तिची तक्रारच लिहिलेली नाही.

प्लास्टर निघालं आहे. मनगट अजून पुरतं वळत नाही, पोळी एका बाजूला जाड होते म्हणून ताई वैतागते. सायकलची रिम वाकली होती, ती गटाच्या वर्गणीतून बदलली. किल्ली मात्र नवऱ्याच्याच खिशात आहे. त्याच्याशी ताई स्वतः बोलणार आहे, आम्ही मध्ये पडू नये असं तिने बजावलं आहे. येत्या बुधवारी चौकीत चौथा खेटा आहे. दूधवाला पोरगा यायला तयार झालाय, ते चार आकडे त्याच्या हस्ताक्षरात घेऊन ठेवलेत. ज्यांना जमेल त्यांनी साडेदहाला चौकीच्या दारात यावं, आणि शक्यतो सायकलवर यावं.