डाव सोडण्याचे बळ

पत्त्यांतील कौशल्य म्हणजे आलेला डाव जिंकणे, असा आपला समज असतो. पोकरच्या 'टेक्सास होल्डेम' प्रकारात मात्र पहिली कसोटी डाव सोडण्याचीच असते. प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात. पुढे पाच पाने सर्वांसाठी टेबलावर उघडली जातात. खेळायचे की पाने टाकायची, हा पहिला निर्णय त्या दोन पानांवरच घ्यावा लागतो. नऊ जणांच्या टेबलावर मुरलेला खेळाडू दहापैकी सात-आठ वेळा पाने टाकतो.

यामागे साधे गणित आहे. हाती कोणतीही जोडी येण्याची शक्यता १७ डावांत एकदा. एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा. बदाम राजा आणि बदाम दुर्री एकत्र आली की मन मोहात पडते. पण टेबलावरची पहिली तिन्ही पाने बदामचीच निघण्याचा योग सुमारे ११९ वेळांत एकदा येतो. बसण्याची जागाही महत्त्वाची असते. इस्पिक राजा आणि चौकट गुलाम हाती असतील, तर सर्वांत आधी बोलणाऱ्याने ते टाकावेत. त्याच्यामागे आठ जणांचे निर्णय बाकी असतात. आधीच्या सर्वांनी डाव सोडला असेल, तर वाटणाऱ्याच्या जागेवरून तीच पाने खेळण्याजोगी ठरतात.

हे नियम पाठ करणे सोपे, थकल्यावर पाळणे अवघड. झोप अपुरी असली, मागच्या हरण्याची बोच असली किंवा नुसता कंटाळा आला, की एरवी टाकली असती ती पाने 'बरी' वाटू लागतात. पाने तीच असतात. मन बदललेले असते. म्हणून आपण कोणती पाने धरतो, हा मनःस्थितीचा तापमापकच होय.

घरी चिंचोके लावून खेळताना तो वापरून पाहा. 'का खेळलास?' याबरोबरच 'का सोडलास?' असेही मुलांना विचारा आणि विचारपूर्वक सोडलेल्या डावाचे कौतुक करा. आपण मोहापायी खेळू लागलो आहोत असे जाणवताच पाने मिटून उठा.

घरातील कोणी लपवून, पैसे लावून खेळत असेल, गमावलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा पुन्हा बसत असेल, तर त्याला नुसता दुर्गुण समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराच्या विकाराला आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले आहे. रागावण्याआधी शांतपणे बोला. १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. अशा वेळी डाव सोडणे एकट्याच्या बळावर साधत नाही; त्याला घरच्यांचा आधार लागतो.