उसाच्या बिलावर जिनिव्हाची नजर

मैत्रिणींनो, बारामती-इंदापुरात उसाच्या भावाचा विषय निघाला, की गाडी कारखान्यावरून निघते आणि फार तर दिल्लीपर्यंत जाते. माळेगाव असो, सोमेश्वर असो की भवानीनगर, कॉलेजची फी आणि सोसायटीचं कर्ज उसाच्या बिलाचीच वाट बघत असतं. पण या बिलावर जिनिव्हातूनही नजर आहे बरं का!

जागतिक व्यापार संघटना 1 जानेवारी 1995 ला सुरू झाली आणि आपला देश पहिल्या दिवसापासून तिचा सभासद आहे. सभासद झालं की नियम आले. 2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालानं तक्रार केली, की भारत ऊस उत्पादकांना मर्यादेपेक्षा जास्त आधार देतो. ही मर्यादा उत्पादनाच्या किमतीच्या 10 टक्के. 'एफआरपी सरकार देत नाही, कारखाने देतात,' असं आपण सांगितलं. ते मानलं गेलं नाही. डिसेंबर 2021 मध्ये निकाल विरोधात गेला. त्यावर आपण अपील केलं, पण नव्या नेमणुका अमेरिकेनं अडवल्यामुळे अपील ऐकणारं मंडळच डिसेंबर 2019 पासून ठप्प! म्हणून तो निकाल लागू झाला नाही.

'मग बाहेर पडावं की!' असं कुणी म्हणेल. मला नाही पटत. 2005 मध्ये याच ब्राझील, ऑस्ट्रेलियानं थायलंडला सोबत घेऊन बलाढ्य युरोपीय संघाविरुद्ध साखरेचाच दावा जिंकला. पुढच्याच वर्षी युरोपनं साखरेचा आधारभाव टप्प्याटप्प्यानं 36 टक्के कमी करायचं ठरवलं. म्हणजे मोठ्यांनाही जाब विचारता येतो, पण आत असेल त्यालाच. बचतगटाचे नियम जाचतात, तरी गटाबाहेरच्या एकटीला बँकेत कोण विचारतं?

प्रश्न एवढाच, की तिथल्या खुर्चीत बसणाऱ्याला आपलं घर माहीत आहे का? खुरपणीपासून लागणीपर्यंत राबणाऱ्या बाईचा हिशेब जिनिव्हाला जाणाऱ्या कागदात असतो का? सरकारनं तिथे बाजू मांडण्याआधी ऊस उत्पादकांना, त्यातही बायकांना विचारायला हवं. आणि आपणही गप्प बसून चालणार नाही. कारखान्याच्या संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. त्या नुसत्या सहीपुरत्या ठेवू नका. येत्या वार्षिक सभेत जा आणि विचारा, 'उद्या एफआरपीला धक्का लागला, तर आपली तयारी काय?'

नियम आपल्याला बांधणारच असतील, तर ते ठरवताना आपला आवाजही तिथे पोचायलाच हवा.