उचलीचा कागद

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बीड, पाथर्डीकडच्या वाड्यातांड्यांवर ट्रॅक्टर-ट्रक भरू लागलेले असतील. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम तोंडावर आला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. घरी आजी असली तर पोर मागे राहतं, नाहीतर तेही फडावर जातं. दिवाळीची सुट्टी संपून शाळेची घंटा होते, तेव्हा कितीतरी नावांना वर्गातून 'हजर' येत नाही.

तिथल्याच एका जिल्हा परिषद शाळेत चौथीतल्या एका मुलीने दप्तरातून घडी केलेला कागद काढला. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा. खाली बापाचा अंगठा. आकड्यावर बोट ठेवून तिने विचारलं, "बाई, मागच्या साली फिटले ते यात का नाही धरले?" बाईंनी फळ्यावर वजाबाकी मांडली. वेळापत्रकात तो तास भाषेचा होता. आमचा यंदाचा शाळांवरचा विभाग त्या कागदापासून सुरू झाला.

असा कागद वाचता येईल असं शिक्षण जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे मागितलं होतं. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, एवढ्यावर ते थांबले नाहीत. काय शिकवायचं तेही त्यांनी सांगितलं: मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती, आरोग्य. यात मोडी आहे, कारण कुणब्याला बांधणारे कागद मोडीत असत. सरकारचा महसूल ज्याच्या कष्टातून येतो, त्याच्या पोरांना त्यातून काय मिळतं, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं.

आज सरकारी शाळेचं मोल पटावरून ठरतं. वीसच्या आत पट असला की शाळा दुसरीत मिळवण्याची भाषा सुरू होते. शाळा लांब गेली की आधी मुलींचं जाणं थांबतं. पोराला नोकरी लागावी असं आईबापांना वाटतं, त्यात काहीच चूक नाही. पण आपल्या घराच्या नावावर मांडलेला हिशेब वाचता यावा आणि तो मांडणाऱ्याला विचारता यावा, यासाठी वाडीवर शाळा हवी. तिथं चारच मुलं असली तरी हवी.

अंक छपाईला जाताना बाईंशी फोनवर बोलणं झालं. त्या मुलीची आजी यंदा गावीच राहणार आहे. तिच्या बाकावरच्या दोघी बहिणींचं अजून ठरलेलं नाही. हंगामी वसतिगृहाचं बोलायला बाई सुट्टीत त्यांच्या घरी जाणार आहेत, ट्रक यायच्या आत.