भुताचा खेळ आणि आपली मुले

मारिओच्या खेळातले ‘बू’ नावाचे भूत मुलांना सैतानाकडे नेते, असे काही पालक म्हणतात. मला हे पटत नाही. 1988 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स 3’पासून ते लाजाळूच आहे. आपण पाहिले की तोंड झाकते, पाठ फिरवली की मागे लागते. 1996 च्या ‘सुपर मारिओ 64’मधला थोरला ‘बिग बू’ तर समोरून फटकाच लागू देत नाही; पाठ दाखवून त्याला जवळ येऊ द्यावे लागते. (मुलांना ही युक्ती तोंडपाठ!)

मत्तय 14 मध्ये शिष्यही पाण्यावरून येणाऱ्या येशूला भूत समजून ओरडले. येशूने आधी धीर दिला. पेत्राच्या अल्पविश्वासाचे नंतर काढले. आपल्या आदिलाबादच्या घरांत आधी खेळ हिसकावला जातो. पोराला नेमकी भीती कशाची वाटते, हे विचारायचे राहूनच जाते.