चढण हिमालयाची, रजा आठ दिवसांची

१९१२ साली ब्रिटिश सरकारच्या रोषामुळे बडोद्याचे गंगनाथ विद्यालय बंद पडले आणि तेथील एक शिक्षक पायी हिमालयाच्या वाटेला लागले. ते शिक्षक म्हणजे काकासाहेब कालेलकर. आमच्या बेळगुंदीशी त्यांच्या घराण्याचा निकटचा संबंध. बेळगावच्या गणेश विद्यालयाचे मुख्याध्यापकपदही त्यांनी काही काळ भूषविले होते. स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर यांच्यासह केलेल्या त्या पदयात्रेवर त्यांनी पुढे गुजरातीत पुस्तक लिहिले. त्यामुळे सीमाभागातील मराठी माणसाला हिमालयाची ओढ असणे नवे नव्हे. नवी आहे ती घाई.

काकासाहेबांच्या काळी बद्रीनाथपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. हृषीकेश ते बद्रीनाथ हे अंतर सुमारे ३०० किलोमीटरांचे. रोज पंधरा किलोमीटर चालले तरी वीस दिवस लागत. यात्रेकरू एका चट्टीवरून दुसऱ्या चट्टीवर मुक्काम करीत वर चढे. पाय थकत, परंतु छातीला विरळ हवेची सवय होत जाई. आज तेच अंतर मोटार दोन दिवसांत, कधी एकाच दिवसात तोडते. हृषीकेश समुद्रसपाटीपासून सुमारे ३५० मीटर, तर बद्रीनाथ सुमारे ३,१०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे सत्तर टक्केच उरतो आणि प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. रस्ता झाला, वाहन आले. माणसाचे शरीर मात्र होते तेच राहिले.

बद्रीनाथच्या पुढे तीन किलोमीटरांवर माणा हे गाव आहे. सरस्वती आणि अलकनंदा यांचा संगम तेथेच होतो. माणा खिंडीतून तिबेटशी चालणारा लोकर, मीठ व धान्य यांचा व्यापार १९६२च्या युद्धानंतर थांबला. गावाच्या वेशीवर पूर्वी ‘भारताचे शेवटचे गाव’ अशी पाटी असे. २०२३ साली ते ‘पहिले गाव’ झाले. या गावाची रीत विचार करण्याजोगी आहे. हिवाळ्यात येथील भोटिया कुटुंबे खालच्या गावांत उतरतात आणि बर्फ वितळल्यावर पुन्हा वर येतात. पूर्वी ही ये-जा गुराढोरांसह, लेकराबाळांना व वृद्धांना सांभाळीत, मुक्काम करीत पायीच होई. ज्यांचे घरच डोंगरावर, तेही डोंगराशी घाई करीत नसत.

हे सारे आठवण्यास कारण घडले. शहापुरातील आमच्या एका शेजाऱ्यांना आपल्या पंचाहत्तरीच्या मातोश्रींना बद्रीनाथ व माणा दाखवावयाचे आहे. रजा आठ दिवसांची. बेळगावहून रेल्वेने दिल्ली गाठण्यातच जाता-येता चार दिवस संपतात. उरलेल्या चार दिवसांत डोंगर चढून उतरण्याचा त्यांचा बेत होता. ‘‘सर, आईची एवढीच इच्छा राहिली आहे,’’ असे ते म्हणाले, तेव्हा त्यांच्या मातृभक्तीविषयी मला शंका नव्हती. शंका होती ती चार दिवसांविषयी. दोन बाजूंनी बोलणे चालले असता त्या माउली शांतपणे म्हणाल्या, ‘‘अरे, नाहीच झेपले तर मी जोशीमठाहूनच हात जोडीन. पण मला पळवत नेऊ नका.’’ चिरंजीवांनी रजा वाढविण्याचा अर्ज केला आहे.

वाचकहो, आपल्या घरीही उन्हाळ्याचे असे बेत शिजत असतील, म्हणून चार गोष्टी सांगतो. निघण्यापूर्वी वृद्धांची, विशेषतः हृदयाचा वा दम्याचा विकार असलेल्यांची, वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. सुमारे १,९०० मीटर उंचीच्या जोशीमठ परिसरात एक-दोन रात्री काढूनच वर जावे. बद्रीनाथास पोहोचल्या दिवशी विश्रांती घ्यावी आणि माणा दुसऱ्या दिवसासाठी राखावा. माण्यापासून वसुधारा धबधब्यापर्यंत सुमारे पाच किलोमीटरांची चढण आहे. ती धडधाकटांनीच करावी. त्याहून पुढे लक्ष्मीवन, चक्रतीर्थ असे मुक्काम करीत ४,००० मीटरांपलीकडच्या सतोपंथ सरोवराला जाऊ पाहणाऱ्या तरुणांनी वाटाड्या घ्यावा, आणि मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये. डोके दुखणे, मळमळ, निद्रानाश ही पहिली सूचना होय. तेव्हा आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर सकाळची वाट न पाहता ताबडतोब खाली उतरावे.

अर्ध्या वाटेवरून परतणे म्हणजे यात्रा मोडणे, ही समजूत आपण सोडली पाहिजे. बद्रीनाथाचे मंदिरही हिवाळ्यात बंद होते आणि उन्हाळ्यात पुन्हा उघडते. डोंगर जागचा हलत नाही. पुढील वर्षी जाता यावे यासाठी घरचे माणूस सुखरूप घरी यावे, एवढेच पाहावयाचे असते.