छुट्टी किती दिवसांची?

आखातातून कायमचा परतलेल्या माणसाला बाळापूर असो की अकोट फैल, मोहल्ल्यात पहिला प्रश्न हाच: "भाई, छुट्टी किती?" नोकरीच संपली, हे सांगायला त्याची जीभ रेटत नाही.

सौदीने १ जुलै २०१७ पासून परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर माणशी दरमहा १०० रियाल शुल्क लावले. दरवर्षी वाढत २०२० मध्ये ते ४०० झाले. बायको आणि तीन मुले, म्हणजे महिन्याला १६०० रियाल! अनेकांची बायका-मुले आधी परतली, काहींच्या मागे कमावताही आला.

तिथल्या भारतीय शाळांतून आलेली मुले हुशार असतात, पण मराठीचे वाक्य जुळत नाही. २०२० च्या कायद्याने मराठी सर्व शाळांत सक्तीची आहे, आणि ते योग्यच. मूल वर्षभरात सावरते. बापाचे काय? पंधरा वर्षे इमारतींचे वायरिंग केलेल्या माणसाकडे आयटीआयचा कागद नसतो. नातेवाईक सांगतात, दुकान टाक. गल्लीत चौथे किराणा दुकान! ते उधारीतच बुडते. बचत तर आधीच घराच्या स्लॅबवर आणि बहिणींच्या लग्नांत गेलेली. ती आपणच खर्चायला लावली, हेही खरे.

केरळात परदेशस्थांसाठी १९९६ पासून वेगळे सरकारी खाते आहे. परतणाऱ्यांना धंद्याच्या कर्जावर अनुदान मिळते. तशी मागणी आपणही करावी. तोवर दुकानाचा सल्ला देणाऱ्यांनी अकोल्याच्या एमआयडीसीतल्या ओळखीच्या डाळमिल मालकाकडे त्याला घेऊन जावे. वायरिंग करणारा माणूस तिथेही लागतो.